विरघळणारा स्क्रू आणि त्यावरचा लेप

प्रश्न : मुलाच्या घोट्यातला स्टीलचा स्क्रू काढायला पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. मॅग्नेशियमचे स्क्रू शरीरात आपोआप विरघळतात म्हणे. मग त्यांना वरून लेप कशाला देतात?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, लेकराला दुसऱ्यांदा भूल द्यायची म्हटलं की आईबापांचे चेहरे कसे उतरतात, हे अस्थिशल्यचिकित्सक म्हणून मी नेहमी पाहतो. त्यामुळे या धातूकडून मला फार आशा आहे.

अडचण विरघळण्याची नाही, घाईची आहे. शरीरातल्या खारट द्रवात मॅग्नेशियम झपाट्याने गंजतं आणि हायड्रोजन सुटतो, एका ग्रॅममागे जवळपास १ लिटर! १९०७ मध्ये बेल्जियमचे सर्जन अल्बिन लॅम्बोट यांनी पायाच्या हाडाला मॅग्नेशियमची पट्टी स्टीलच्या खिळ्यांनी बसवली. दोन धातू एकमेकांना लागल्याने गंज आणखी वाढला. पट्टी ८ दिवसांत विरली, कातडीखाली वायू साठला.

हाड जुळायला मात्र कित्येक आठवडे लागतात. ती मुदत लेप मिळवून देतो. विजेच्या सूक्ष्म ठिणग्यांनी धातूवरच ऑक्साइडचा कडक थर चढवतात, पण त्यात बारीक छिद्रं राहतात. ती बुजवायला वर हायड्रॉक्सीअपॅटाइट देता येतं. हे कॅल्शियम-फॉस्फेट हाडातल्या खनिजासारखंच असल्याने हाडाच्या पेशी त्यावर छान रुजतात. मला हाच मार्ग सर्वांत पटतो.

विरघळलेलं मॅग्नेशियम लघवीवाटे जातं, म्हणून मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.