भाव चढला, मग नवी विहीर का नाही?

प्रश्न (नेरुळ) : कच्चे तेल महागले की कंपन्यांनी लगेच नव्या विहिरी खणायला हव्यात. तसे का होत नाही?

उत्तर : विहिरीत पैसा घालताना आजचा भाव बघून चालत नाही, तेल प्रत्यक्ष हाती येईल तेव्हा भाव काय असेल, याचा अंदाज बांधावा लागतो. मुंबई हायमध्ये १९७४ साली तेल सापडले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरूही झाले, पण हा वेग अपवादात्मक होता. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील ९८/२ हा खोल समुद्रातील गट ओएनजीसीकडे २००५ मध्ये आला आणि त्यातून पहिले तेल जानेवारी २०२४ मध्ये निघाले. मधल्या काळात भाव पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत चढला आणि ३० डॉलरच्याही खाली आला. त्यामुळे भाव काही आठवडे चढला म्हणून कोणतेही संचालक मंडळ अशा प्रकल्पावर सही करत नाही.

प्रश्न (वागळे इस्टेट, ठाणे) : आमच्या कारखान्यात तेलक्षेत्रासाठी व्हॉल्व्ह बनतात. २०१५ मध्ये ऑर्डरी एकाएकी थांबल्या, पण तेलाचे उत्पादन तर चालूच होते. हे कसे?

उत्तर : जून २०१४ मध्ये ११५ डॉलरच्या घरात असलेले ब्रेंट, म्हणजे जागतिक भावाचे माप मानले जाणारे कच्चे तेल, जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरखाली गेले, आणि जगभरातील तेल-वायू उत्पादनातील गुंतवणूक सलग दोन वर्षे, दर वर्षी सुमारे चतुर्थांशाने घटली. उत्पादन मात्र टिकले, कारण खणून झालेल्या विहिरीवरचा खर्च आधीच होऊन गेलेला असतो. रोजचा चालू खर्च भागून चार पैसे उरत असतील, तोवर ती बंद करणे परवडत नाही. कात्री पहिल्यांदा लागते ती शोधकार्याला, मग मंजुरीच्या वाटेवरील प्रकल्पांना, आणि तुमचे व्हॉल्व्ह नेमके त्यांच्याच यादीत असतात. त्या काळात न्हावा गावाजवळच्या एका आवारात मी केसिंग पाइपांच्या, म्हणजे विहिरीला आतून अस्तर म्हणून बसणाऱ्या पोलादी नळांच्या, थप्प्या पाहिल्या होत्या. आट्यांवरची प्लास्टिकची टोपणे उन्हाने विटून गेली होती. भाव पडल्याची बातमी मला तिथे जितकी समजली, तितकी वर्तमानपत्रातही समजली नव्हती.

प्रश्न (ऐरोली) : अमेरिकेतील शेल कंपन्या मग इतक्या लवकर कशा हलतात?

उत्तर : शेल म्हणजे तेल धरून ठेवणारा घट्ट थरांचा खडक. त्यातली विहीर काही महिन्यांत तयार होते आणि पहिल्या एक-दोन वर्षांतच बरेचसे तेल देऊन मोकळी होते, त्यामुळे वायदेबाजारात पुढच्या विक्रीचा भाव आधीच बांधून घेऊन खर्च करता येतो. समुद्रातील प्रकल्पाला ही सोय नाही.

प्रश्न (उरण) : भाव चढल्यावर सरकार जादा कर घेते. त्याने गुंतवणूक आटते का?

उत्तर : कर घेण्यामागचे कारण मला मान्य आहे, परंतु ज्या पद्धतीने तो घेतला गेला ती मान्य नाही. १ जुलै २०२२ पासून देशी कच्च्या तेलावर टनामागे २३,२५० रुपये, म्हणजे पिंपामागे सुमारे ४० डॉलर कर बसला. पुढे दर पंधरवड्याला तो बदलत राहिला आणि डिसेंबर २०२४ मध्ये रद्द झाला. भाव अमुक झाला तर कर तमुक, असे कोष्टक आधीच ठरवून दिले असते, तर कंपन्यांना हिशेब मांडता आला असता. मुंबई हायसारख्या जुन्या क्षेत्राला ही अनिश्चितता अधिक जाचते, कारण तिथे विहिरींची डागडुजी आणि समुद्रातील तेल-फलाटांवरील नवी कामे सतत करत राहिली तरच उत्पादन टिकते. समुद्रातील बांधकामाला पावसाळ्यात जवळजवळ पूर्ण खीळ बसते. मंजुरी दोन महिने लांबली आणि मे उलटला, की ते काम थेट दिवाळीच्या सुमारास हाती घ्यावे लागते.