मेलपुरते युजर करायचे तर शेल नोलॉगिन ठेवलं की पुरे का?

तुम्ही विचारलंय की ट्रस्टच्या लिनक्स सर्व्हरवर पंधरा जणांना फक्त मेल द्यायचाय, लॉगिन नाही. तर शेल (कमांड चालवायचा प्रोग्राम) नोलॉगिन, म्हणजे लॉगिन नाकारणारं, ठेवून भागेल का, आणि माणशी कोटा (मेलसाठी डिस्कवरची जागा) किती द्यावा.

नाही भागत. देवगड तालुक्यात आंबा बागायतदारांच्या एका संस्थेचा सर्व्हर मी सांभाळत होतो, तिथे हे भोगलंय.

माझ्याआधीच्या माणसाने प्रत्येकाला सरळ यूजरॲडने खातं काढून दिलेलं, शेल बॅश, म्हणजे पूर्ण लॉगिन. पॅकिंगच्या पोराचा पासवर्ड म्हणजे स्वतःचं नाव आणि पुढे १२३. मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं, मेलवाल्यांना सिस्टीमचे युजर करूच नका, डव्हकॉटमध्ये (मेल साठवून वाचायला देणारा प्रोग्राम) व्हर्च्युअल युजर, म्हणजे नुसती मेलपुरती खाती, करूया. कारभार बघणारे तात्या म्हणाले, "आतापर्यंत काय झाला? मगे आता काय होतला?" शेवटी तडजोड झाली: सगळ्यांचं शेल नोलॉगिन केलं, पासवर्ड जुनेच राहिले.

एप्रिलचा दुसरा आठवडा. पेट्या भरून टेम्पो लागलेले आणि वाशीच्या व्यापाऱ्याचा फोन, तुमचा मेल परत जातोय म्हणून. मेलक्यू (अडकलेल्या मेलची यादी दाखवणारी कमांड) मारलं तर यादी संपेचना. पोस्टफिक्स या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रामच्या लॉगात ओळीमागून ओळ 'कनेक्ट फ्रॉम लोकलहोस्ट', म्हणजे स्पॅम आमच्याच मशीनमधून निघत होता. 'लास्ट' कमांडमध्ये मात्र रात्रीचं एकही लॉगिन नाही. तात्या चार बागायतदारांसमोर मला म्हणाले, तूच कायतरी करून ठेवलंस. दुपारी ऑथ लॉग चाळताना सापडलं: रात्री २ वाजून ४० मिनिटांनी 'ॲक्सेप्टेड पासवर्ड', त्याच पॅकिंगच्या पोराच्या नावाने, बाहेरच्या आयपीवरून.

शेल लागतं कमांड चालवायला. ज्याला कमांड चालवायचीच नाही, नुसतं पोर्ट फॉरवर्डिंग (सर्व्हरमधून आपलं कनेक्शन पुढे नेणं) हवंय, त्याला नोलॉगिन आडवंच येत नाही. पासवर्ड बरोबर असला की एसएसएच (लांबून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) आत घेतं. त्याने आमच्या मेलच्या २५ नंबरच्या पोर्टापर्यंत टनेल टाकलं, आणि १२७.०.०.१ वरून, म्हणजे मशीनच्या स्वतःच्याच पत्त्यावरून, आलेला मेल पोस्टफिक्स घरचा समजून पुढे पाठवतं, कारण तो पत्ता मायनेटवर्क्समध्ये (विश्वासातल्या पत्त्यांच्या यादीत) असतोच. टर्मिनल उघडलं नाही, म्हणून 'लास्ट'मध्ये नोंद नाही. आयपी ब्लॅकलिस्टमधून सुटायला नऊ दिवस लागले. ऐन सीझनमध्ये ऑर्डरी फोनवर घेऊन वहीत लिहिल्या.

म्हणून तुमच्या पंधरा जणांपैकी एकाचंही नाव एटीसी पासवर्ड फाइलमध्ये (सिस्टीमच्या खात्यांच्या यादीत) जाऊ देऊ नका. व्हीमेल नावाचा एकच सिस्टीम युजर, सगळ्यांच्या मेलडिर (मेलची फोल्डरं) त्याच्या मालकीच्या. नावं आणि हॅश केलेले (मूळ शब्द दिसू नये असे बदललेले) पासवर्ड डव्हकॉटच्या वेगळ्या फाइलमध्ये. हॅश 'डव्हॲडम पीडब्ल्यू'ने काढा. पोस्टफिक्समध्ये तुमचं डोमेन व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्समध्ये टाका (मायडेस्टिनेशन, म्हणजे सिस्टीमच्या युजरना मेल देणाऱ्या डोमेनची यादी, तिच्यातून काढायला विसरू नका), आणि डिलिव्हरी एलएमटीपीने (मेल पुढच्या प्रोग्रामला सोपवायची पद्धत) डव्हकॉटकडे द्या. पंधरा माणसांना डेटाबेस लागत नाही, साधी फाइल पुरते. नवीन माणूस आला की एक ओळ वाढते, गेला की एक ओळ खोडायची. हे काम एका दुपारचं आहे आणि तेव्हाही एका दुपारचंच होतं, हे मी तात्यांना लेखी दिलेलं.

एसएसएचला अलाउग्रुप्समध्ये (आत घ्यायच्या ग्रुपांची यादी) फक्त तुमचा ॲडमिनचा ग्रुप, पासवर्डने लॉगिन बंद, फक्त की (पासवर्डऐवजी किल्लीची फाइल). हा बदल करताना एक सेशन उघडं ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघा, नाहीतर स्वतःच बाहेर राहाल.

खाती आधीच सिस्टीमची असतील आणि आज हलवणं शक्य नसेल, तर निदान त्या सगळ्यांना एका ग्रुपमध्ये घालून एसएसएचला डेनीग्रुप्स (त्या ग्रुपला मनाई) लावा आणि पासवर्ड बदला. आणि व्हर्च्युअल केलं म्हणून नाव-१२३ चालेल असं समजू नका. तो पासवर्ड फुटला तर मेल पाठवायच्या ५८७ पोर्टावरून रीतसर लॉगिन करूनही स्पॅम जातो, त्यामुळे तासाला किती मेल जाऊ द्यायचे त्याची मर्यादा प्रत्येक खात्याला घालाच.

कोट्याचं डिस्क बघून ठरवा. तात्या अजूनही गावात सांगतात की त्या वर्षी सर्व्हर 'बिघडला' होता. सर्व्हर बिघडला नव्हता. ऑथ लॉगमधल्या त्या ओळीची प्रिंट मी अजून ठेवलीय.