आमिष लावणारेच गळाला

प्रश्न : 'मच अडू अबाउट नथिंग'मध्ये बेनेडिकला फसवायला निघालेला क्लॉडिओ 'गळाला आमिष नीट लाव, हा मासा लागणार' असं म्हणतो. शेक्सपिअरमध्ये आमिष आणखी कुठे येतं? आणि ते फसवणुकीपुरतंच असतं का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : बऱ्याच ठिकाणी येतं. ते ज्याच्या तोंडी येईल त्याच्यावर जरा नजर ठेवा. तुमचा क्लॉडिओच घ्या. मित्राची मजा बघून हसतो, आणि पुढे खलनायक डॉन जॉनने रात्री खिडकीशी रचलेला बनाव खरा मानून भर लग्नात आपल्याच नवरीची, हीरो नावाच्या मुलीची, अब्रू काढतो.

'हॅम्लेट'मधला राजाचा सल्लागार पोलोनियस तर वस्ताद. पॅरिसला गेलेल्या मुलावर, लेअर्टिसवर, पाळत ठेवायला तो आपल्या नोकराला, रेनाल्डोला, धाडतो. वर शिकवूनही ठेवतो : पोरगा जुगार खेळतो, पितो, भांडतो, अशी पुडी तूच सोडून दे, म्हणजे ओळखीचे लोक आपणहून बोलतील. खोट्याचं आमिष, खऱ्याचा मासा, हा त्याचाच हिशेब. हा प्रवेश शिकवताना वर्ग हमखास हसायचा. असा एखादा काका प्रत्येकाच्या घरात असतो. पुढे हा गृहस्थ स्वतःच्या मुलीला, ओफिलियाला, हॅम्लेटपुढे सोडतो आणि लपून ऐकतो. तिथे 'आमिष' हा शब्द नाही, आणि लागतही नाही. शेवटी राणीच्या महालात पडद्याआड लपलेला असतानाच हॅम्लेटच्या तलवारीने मरतो.

'द मर्चंट ऑफ व्हेनिस'मधल्या सावकार शायलॉकची गोष्ट निराळी. कर्जदार अँटोनिओचं पौंडभर मांस घेऊन करणार काय, असं विचारल्यावर तो म्हणतो, माशांना आमिष म्हणून लावीन. यात डावपेच कसले, नुसता जळफळाट आहे.

फसवणुकीपलीकडचं आमिष हवं असेल तर शेक्सपिअर सोडून हेमिंग्वेकडे या. 'द ओल्ड मॅन अँड द सी'त (1952) म्हातारा सांतियागो 40, 75, 100 आणि 125 वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) खोल दोर सोडतो. गळाची दांडी आमिषाच्या माशाच्या पोटात घालून तो पक्की शिवतो. बाहेर राहिलेला भाग ताज्या तारल्यांनी झाकतो. मार्लिन हा मोठा मासा येतो तो 100 वावांवर, आधी त्या तारल्या खात. हेमिंग्वेला इथे कुणाची लबाडी सांगायची नाही, म्हाताऱ्याचा हात किती नेटका आहे ते दाखवायचंय. निवृत्तीनंतर मी हर्णैला गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, बसतो, त्यामुळे माझं मत एकतर्फी असेल. पण गरीला कोळंबी लावताना टोक झाकायची खटपट ज्याने केली आहे, त्याला ही पानं रटाळ वाटायची नाहीत. पुलंनी या कादंबरीचा 'एका कोळियाने' हा अनुवाद केलाय, आधी तो वाचलात तरी चालेल.