अँबॅसडरचा नवा मॅनिफोल्ड हवा का घेतो?

प्रश्न : वडिलांनी १९७२ साली घेतलेली पेट्रोल अँबॅसडर अजून माझ्याकडे आहे. गेल्या दिवाळीनंतर तिच्या १४८९ सीसीच्या इंजिनावर मी बाहेरून मागवलेला, एसयू बनावटीच्या दोन कार्बोरेटरचा ॲल्युमिनियमचा इनटेक मॅनिफोल्ड बसवून घेतला. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मात्र जुनाच बिडाचा आहे. तेव्हापासून गाडी स्लोला एका जागी राहत नाही, रेस आपोआप चढते-उतरते, पहिल्या दोन प्लगची टोके पांढरी पडतात, आणि मुंबईला जाताना कसारा घाटाच्या उतारावर पाय काढला की सायलेन्सरमधून फटाके वाजतात. मेकॅनिकने कार्बोरेटर तीन वेळा ट्यून केले. आता नीडल बदलून पाहावी काय?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : नीडलला, म्हणजे कार्बोरेटरमधून किती पेट्रोल जावे हे ठरवणाऱ्या सुईला, तूर्त हात लावू नका. तुम्ही दिलेली चारही लक्षणे एकाच दिशेला बोट दाखवतात : गॅरेजच्या भाषेत सांगायचे तर गाडी हवा घेते आहे. इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे कार्बोरेटरकडून हवा-पेट्रोलचे मिश्रण इंजिनाच्या हेडपर्यंत नेणारी नळकांडी; एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तिथला धूर बाहेर नेतो. मॅनिफोल्ड आणि हेड यांच्या सांध्यातून कार्बोरेटरला वळसा घालून हवा आत शिरत असेल, तर कार्बोरेटर कितीही ट्यून केला तरी तो त्या हवेचा हिशेब धरू शकत नाही. तिचे प्रमाण इंजिनाच्या प्रत्येक चालीला बदलत राहते, म्हणूनच रेस स्थिर राहत नाही.

या इंजिनाचे हेड कसे आहे ते आधी ध्यानात घ्यावे. हे बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज घराण्यातले इंजिन आहे, आणि त्याच्या हेडवर इनटेक व एक्झॉस्ट एकाच बाजूला येतात. चार सिलिंडरांना इनटेकची तोंडे दोनच. पहिला आणि दुसरा सिलिंडर एका तोंडातून ओढतो, तिसरा आणि चौथा दुसऱ्या. एक्झॉस्टची तोंडे तीन, मधले सामाईक. प्लग पांढरा पडणे म्हणजे त्या सिलिंडरला हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळणे. तुमचे पहिले दोनच प्लग पांढरे पडत असतील, तर गळती पुढच्या इनटेक तोंडापाशी आहे, असे मी पैजेवर सांगेन.

आता मुख्य मुद्दा. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन वेगळे मॅनिफोल्ड काही ठिकाणी एकाच स्टडवरच्या (हेडमधून बाहेर आलेला आट्यांचा दांडा) नटाखाली दाबले जातात. स्टडवर एक जाड, रुंद वॉशर असतो. त्याचा अर्धा भाग इनटेकच्या कानावर (स्टडपाशी बाहेर आलेला भाग) बसतो आणि अर्धा एक्झॉस्टच्या. दोन्ही कान सारख्या जाडीचे असले, तरच तो वॉशर सपाट बसून दोघांना सारखा दाबतो. जुना बिडाचा एक्झॉस्ट आणि नवा ॲल्युमिनियमचा इनटेक वेगवेगळ्या ठिकाणी घडलेले असल्याने त्यांची जाडी जुळेलच असे नाही, आणि अर्धा मिलिमीटर फरक असला तरी वॉशर तिरपा होतो, नट पूर्ण कसल्यासारखा लागतो, पण पातळ बाजूचा कान पॅकिंगवर (सांध्यातले गॅस्केट) नुसता टेकून राहतो. इनटेकची बाजू पातळ असेल तर हवा आत, एक्झॉस्टची पातळ असेल तर धूर बाहेर. माझ्या स्वतःच्या गाडीत एका वर्कशॉपने यावर उपाय म्हणून एकावर एक दोन पॅकिंग घातली होती. पंधरा दिवस गाडी बरी चालली. नंतर पॅकिंगचा एक तुकडा भाजून खाली गळाला आणि चूक कळली.

तेव्हा मॅनिफोल्ड पुन्हा उतरवा. जुने नट अडकले असतील तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा, घाईने पाना मारू नका. मग व्हर्निअरने दोन्ही मॅनिफोल्डच्या कानांची जाडी प्रत्येक स्टडपाशी मोजून कागदावर लिहा. त्यानंतर प्रत्येक मॅनिफोल्डच्या हेडकडील तोंडावर स्टीलची सरळ पट्टी आडवी ठेवून फीलर गेज घालून पाहा, ०.१ मिलिमीटरची पाती कुठे सहज सरकली, तर तोंड वाकडे आहे. पन्नास वर्षे तापून निवालेला बिडाचा एक्झॉस्ट टोकांकडे वाकलेला असणे अगदी नेहमीचे आहे. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सरफेस ग्राइंडिंगची कामे होतात. तिथे दोन्ही मॅनिफोल्ड एकत्र घेऊन जा आणि तोंडे सपाट करून घेतानाच जाड कान घासून जाडी जुळवून घ्या. घासण्याइतका माल नसेल, तर पातळ बाजूला पायरी असलेले वॉशर लेथवर करून घेता येतात. हा दुसरा मार्ग मला कमी आवडतो, पण चालतो.

बसवताना पॅकिंग नवे आणि एकसंध घ्या, आणि ते कोरडेच बसवा. साधे सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सुटते आणि त्याचे तुकडे आत ओढले जातात. पॅकिंग हेडवर धरून इनटेकचे तोंड त्याच्याशी जुळते का तेही पाहा. मॅनिफोल्डचे छिद्र हेडच्या छिद्रापेक्षा किंचित लहान असले तर बिघडत नाही, पण त्याची कड हेडच्या कडेच्या बाहेर जात असेल, तर येणारा प्रवाह थेट हेडच्या भिंतीवर आपटतो. नट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने कसा. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून पहिल्या दोन-तीन फेरफटक्यांनंतर इंजिन पूर्ण थंड असताना नट पुन्हा एकदा तपासा. स्टडचे आटे इंची आहेत. हाताशी आहे म्हणून मिलिमीटरचा नट रेटू नका.

गळती गेली का, हे पाहायला काही मेकॅनिक सांध्यावर पेट्रोल उडवतात. खाली लाल तापलेला एक्झॉस्ट असताना हा प्रकार जिवावर बेतू शकतो. बाटलीतून साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. सांधा पाणी ओढत असेल तर रेस लगेच बदलते.

सांधा बंद झाला की मगच कार्बोरेटरकडे वळा. दोन्हींच्या तोंडाशी रबरी नळीचे एक टोक आणि कानाशी दुसरे धरून हवेचा सूंसूं आवाज सारखा होईपर्यंत थ्रॉटल जुळवा, आणि दोन्ही बाजू जोडणारी बॅलन्सची नळी मॅनिफोल्डमध्ये आहे ना, तेही पाहा. ती बुजलेली असेल तर स्लो कधीच नीट लागणार नाही. नीडलचा प्रश्न इथे येतो. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच आहे आणि विरळ हवेमुळे मिश्रण तीनेक टक्क्यांनी घट्ट होते, म्हणजे त्यात पेट्रोलचे प्रमाण वाढते. उलट आजच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे ते त्याहून अधिक पातळ होते. बेरीज पातळ बाजूला जाते, म्हणून अखेरीस मिश्रण किंचित घट्ट करणारी नीडल लागण्याची शक्यता आहे. पण ती आज बदललीत, तर गळती झाकली जाईल इतकेच.

ऋतूंचाही विचार करावा. जुन्या मॅनिफोल्डमध्ये इनटेकचा मधला भाग सहसा एक्झॉस्टच्या उष्णतेवर शेकला जातो. नव्यात ती सोय नसेल, तर निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर येतो त्या सकाळी पेट्रोल भिंतींवर द्रवरूपातच साचेल आणि चोक जास्त वेळ लागेल. मे महिन्यात याच्या उलट, खालच्या एक्झॉस्टच्या झळेने कार्बोरेटरमधले पेट्रोल उकळेल. त्यासाठी कार्बोरेटरखाली उष्णतारोधक ठोकळा आणि मध्ये पत्र्याची आडोशाची पट्टी हवीच.

एवढ्या खटाटोपाने गाडी पळायला लागेल का? थोडी. याच घराण्यातल्या १४८९ सीसी इंजिनावर १९५३च्या एमजी मॅग्नेटमध्ये आणि १९५५च्या एमजीएमध्ये दोन एसयू होतेच, तेव्हा जोडी नैसर्गिक आहे. पण त्या गाड्यांत बाकीचेही बरेच वेगळे होते. आणि जुना मॅनिफोल्ड व कार्बोरेटर भंगारात देऊ नका. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी वाहन ५० वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात जपलेले आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार न झालेले असावे लागते. तुमची गाडी वयाने त्यात बसते. उद्या मन झाले तर मूळ भाग हाताशी असावेत.

प्रश्न : माझ्या जुन्या सीजे-३बी जीपच्या पेट्रोल इंजिनालाही असा मॅनिफोल्ड मिळेल का?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : त्या हरिकेन इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो आणि एक्झॉस्ट ब्लॉकला लागतो. सुटा इनटेक मॅनिफोल्ड नाहीच, तेव्हा बदलण्याजोगा भाग कार्बोरेटरपुरताच आहे. त्याच्या खालचे पॅकिंग मात्र दरवर्षी पाहत जा.