गाडीखालची वायर कापली गेली: वॉरंटी नाकारली, आता काय?

प्रश्न: मी सेलू तालुक्यातला शेतकरी. घरच्या आणि शेतीच्या कामासाठी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतली, वॉरंटी चालू आहे. छत्रपती संभाजीनगरच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून ट्रान्सफर केसचं (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा भाग) काम करून निघालो. जालना ओलांडताच फोर-व्हीलचा दिवा लुकलुकायला लागला. खाली वाकून पाहिलं तर वायरिंग लोंबत होतं, प्रोपेलर शाफ्टला (चाकांकडे ताकद नेणारा फिरता दांडा) घासून कापलेलं. गाडी परत नेली. ते म्हणतात, चिखलात घातली असेल, वॉरंटी नाही, अख्खा हार्नेस, म्हणजे वायरिंगचा पूर्ण संच, बदला. एस्टिमेटवर सही केल्याशिवाय गाडीही सोडत नाहीत.

उत्तर: तुम्ही वॉरंटीवरून भांडताय आणि तिथेच अडकताय. दगड, चिखल, पऱ्हाटीचे खुंट यांनी झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही, त्यामुळे त्या वादात ते वरचढ ठरतील. तुमचा खरा मुद्दा वेगळा आहे: काम करताना मोकळं केलेलं वायरिंग परत क्लिपांत बसवलंच नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार ही सेवेतली त्रुटी. तिथे चिखलाची सबब आपोआप चालत नाही.

मात्र हे सिद्ध तुम्हालाच करावं लागेल, आणि पुरावा त्या वायरमध्येच आहे. शाफ्टला घासलेली वायर एका बाजूनेच झिजते, तांबं तिथे चकाकतं. खुंटात अडकून ओढली गेलेली वायर ताणून तुटते, तारा लांबट निघतात. उंदराने कुरतडली तर दातांच्या खुणा राहतात. म्हणून कोणी हात लावायच्या आत ओळखीचा ऑटो इलेक्ट्रिशियन सोबत न्या, गाडी लिफ्टवर चढवायला लावा, रिकाम्या क्लिपा आणि कापलेली जागा यांचे जवळून फोटो काढा. फोटो मूळ फोनमध्येच ठेवा; भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं लागेल. जुनं जॉबकार्ड आणि बिल जपा. गाडी बाहेर पडल्याची वेळ आणि किलोमीटर त्यावर असतील तर तुमचं निम्मं काम झालं, कारण बिघाड वाटेतच झाला हे त्यावरून दिसतं.

गाडी अडवणं मला सगळ्यात जास्त खटकलं. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 170 प्रमाणे केलेल्या कामाच्या मजुरीपोटी वस्तू अडवता येते. एस्टिमेट म्हणजे केलेलं काम नव्हे. दबावाखाली सही करू नका. नकार लेखी मागा, देत नसतील तर ईमेलवर तुम्हीच लिहून कळवा. तपासणीचे पैसे आधी कबूल केले असतील तर बिलावर हरकत नोंदवून भरा आणि गाडी ताब्यात घ्या.

मग सात दिवसांची नोटीस पाठवा: विनामूल्य दुरुस्त करा, नाहीतर बाहेर करून खर्च वसूल करू. दाद मिळाली नाही तर परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. सेंटर संभाजीनगरला असलं तरी ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम 34 मुळे तुम्ही राहता तिथे तक्रार चालते. मुदत दोन वर्षांची आहे. गाडी भाड्याने देत असाल तर मात्र मला आधी सांगा. गाडीचा वापर व्यावसायिक आहे म्हणून ‘ग्राहक’ या व्याख्येवरच ते बोट ठेवतील.

पेरणीसाठी थांबता येत नसेल तर नोटिशीची मुदत संपताच गाडी बाहेर दुरुस्त करून घ्या. मोजकाच भाग कापून पक्का जोड चालत असेल तर अख्ख्या हार्नेसचा खर्च ओढवून घेऊ नका, आणि कापलेला तुकडा मेकॅनिकच्या सहीच्या पाकिटात बंद करून ठेवा.