पनामात रात्र काढावी लागली तर

काका, तुमचा प्रश्न असा, की कोस्टा रिकातल्या सान होसेहून न्यूयॉर्कला परतताना पनामात विमान बदलायला जेमतेम ५५ मिनिटं आहेत, ते चुकलं तर रात्र विमानतळावर काढावी की शहरात जावं. मी त्या तोकुमेन विमानतळावर एकदा असाच अडकलोय, आणि नंतर कामानिमित्त तीन-चारदा ठरवून थांबलोय. शहर छान आहे. पण तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी अडखळलो: 'न्यू जर्सीला लेकीकडे दोन दिवस राहून मुंबईला निघू.' म्हणून आधी त्याबद्दल.

पनामा हा भारत सरकारच्या पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या यादीतला देश आहे. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं पिवळं कार्ड जवळ नसलं, तर आरोग्य अधिकारी तुम्हाला सहा दिवस पुरे होईपर्यंत वेगळं ठेवू शकतात. मध्ये न्यू जर्सी लागली म्हणून सुटका नाही. जो विमानतळाबाहेर पडलाच नाही त्याला सूट मिळू शकते, तीही अधिकाऱ्याला पटलं तर. डास चावला की नाही, हे कुणी विचारत नाही. सगळा कारभार कागदावर.

'मग लस टोचून घेतो' म्हणाल. घेता येते, पण कार्ड दहा दिवसांनी लागू होतं. शिवाय साठीनंतर डॉक्टर ही लस जपूनच देतात, कारण तिचे क्वचित होणारे गंभीर दुष्परिणाम या वयात जास्त दिसतात. तुम्ही दोघं पासष्टीच्या पुढचे, तेव्हा हा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्या. मला विचाराल तर लेकीकडचा मुक्काम आठवड्याचा करा. लेक तक्रार करणार नाही, जावयाचं मी सांगू शकत नाही. तेही जमत नसेल तर ती रात्र आतल्या बाकावरच काढा, पनामाचा शिक्का पडू देऊ नका आणि दोन्ही बोर्डिंग पास मुंबईपर्यंत सांभाळा.

व्हिसाची मात्र फार काळजी नको. अमेरिकेचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा असेल आणि तो एकदा तरी वापरलेला असेल, तर त्यावर भारतीयांना पनामात आत सोडतात. व्हिसाची किती मुदत शिल्लक हवी हा नियम मात्र बदलत असतो, तेवढं निघायच्या आठवड्यात बघून घ्या.

आता माझी रात्र. बोगोटाहून विमान दोन तास उशिरा आलं. मी धावत गेटवर पोचलो तर दार बंद, आणि काचेपलीकडे विमान अजून तिथेच उभं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, पावसामुळे उशीर झाला, हॉटेल मिळणार नाही. माझ्या नशिबाने बोगोटात बोर्डावर 'तांत्रिक कारण' असं लिहिलेलं मी सहज म्हणून फोटोत घेतलं होतं. तो दाखवला. तिने बराच वेळ कीबोर्ड बडवला आणि एका रात्रीचं हॉटेल, जेवण आणि नाश्ता अशी तीन कूपनं पुढे सरकवली. माझ्यामागचे दोघं पाऊस ऐकून आधीच बाकाकडे गेले होते. तेव्हा उशिराचं कारण जिथे लिहिलेलं दिसेल तिथे फोटो काढा. सामान मिळालं नाही, ते पुढच्या विमानासाठी आतच ठेवतात. बीपीच्या गोळ्या आणि एक बदलायचा जोड हातातल्या बॅगेत पाहिजेच.

पैसे बदलायची भानगड नाही. चलन बाल्बोआ, पण नोटा सगळ्या अमेरिकन डॉलरच्या, दोन्हींचा भाव सारखा. नाणी तेवढी त्यांची स्वतःची. एक बाल्बोआच्या नाण्याला लोक एका माजी राष्ट्राध्यक्षांवरून 'मार्तिनेली' म्हणतात. ती तिथेच संपवा, न्यूयॉर्कात कुणी घेणार नाही. शहरातल्या पिवळ्या टॅक्सीला मीटर नसतो, बसण्याआधी विचारायचं: 'क्वांतो मे कोब्रा?' म्हणजे किती घेणार. यातला कोब्रा ऐकून पुणेकरांना जे आठवायचं ते आठवू दे. २०२३ पासून मेट्रो विमानतळापर्यंत येते आणि स्वस्तही आहे, पण रात्री, दमलेले, दोघं... टॅक्सीच करा.

शाकाहारी असाल तर 'सिन कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, एवढ्यावर थांबू नका. कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी गुरांचं मांस, त्यामुळे ताटात हसतमुखाने कोंबडी येते. 'नि पोयो, नि पेस्कादो', म्हणजे कोंबडी नको, मासेही नकोत, हेही जोडा. पाताकोनेस बिनधास्त मागवा: कच्च्या केळ्याचे जाड काप तळून, चेपून पुन्हा तळलेले, वर मीठ. आणि नाश्त्याला ओखाल्द्रे. मी झाकण उचललं तर आत भटुरेच! फुगलेले, कडेला कुरकुरीत, मध्ये चिवट. लोणच्याची पुडी बॅगेत होती, ती कामी आली. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनीही चाखून पाहिलं आणि लगेच पाणी मागवलं.

रात्री कास्को व्हिएहो, म्हणजे जुनं शहर बघायचा मोह होईल. १६७१ मध्ये हेन्री मॉर्गनच्या चाच्यांच्या हल्ल्यात मूळ शहर उद्ध्वस्त झालं, त्यानंतर दोन वर्षांनी वसवलेलं हे. दिव्यांत सुंदर दिसतं, पण लगतच्या एल चोरियो वस्तीत रात्री पाय टाकू नये, आणि नवख्याला हद्द कळत नाही. तुम्ही झोपा.

कालवा सकाळी. मिराफ्लोरेस हे कालव्यावरचं ठिकाण, तिथल्या प्रेक्षकांच्या सज्जातून समोरच्या कुंडात (म्हणजे लॉकमध्ये, जिथे पाणी भरून जहाज उचलतात) जहाज हळूहळू वर चढताना दिसतं. जुन्या कुंडांत मोठ्या जहाजाच्या दोन्ही बाजूंना जेमतेम ६० सेंटिमीटर जागा उरते, म्हणून काठावरची 'मुला' नावाची इंजिनं (शब्दशः खेचरं) त्याला दोरांनी मधोमध धरून ठेवतात. पंप नाहीत, तळ्याचं पाणी उतारानेच येतं. पण मिराफ्लोरेस शहराच्या पलीकडच्या टोकाला आहे आणि सकाळचा 'त्रांके', म्हणजे ट्रॅफिक जाम, आपल्या सायन-पनवेल रस्त्याची आठवण करून देतो. विमान दुपारी दोनच्या आधीचं असेल तर नाद सोडा.

एक राहिलंच. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर आहेत ना? ते आधी सांगा. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर वरची कूपनं विसरा, नवं तिकीट तुमच्याच खिशातून, आणि मग ५५ मिनिटांचा हा जुगार आजच रद्द करा.