तासगावात कुत्र्याचं पिल्लू आणलंस, तर आधी बेदाणा उचल

तुमच्या घरी बेदाण्याचं शेड आहे, म्हणून तेच आधी सांगतो. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या किडनीला घातक. किती खाल्ल्यावर बाधेल याचा नेम नसतो. एखाद्याला मूठभर पचतात, दुसरं थोडक्यात आडवं होतं. निवडणीच्या वेळी पिल्लू लांब बांध, सांडलेला माल लगेच झाडून घे. खाल्लेच तर लक्षणांची वाट बघू नकोस, थेट डॉक्टर गाठ. पहिल्या दोनेक तासांत त्यांनी उलटी करवली तर बरंच निभावतं. घरी मीठ-पाणी पाजायचा उद्योग मात्र नको.

बाकी सोपं आहे. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चारदा थोडंथोडं खायला दे. नुसत्या दूध-भाकरीवर भागत नाही, सोबत उकडलेलं अंडं किंवा चिकन हवं. रश्श्यातला कांदा-लसूण नको, आजी कितीही प्रेमानं वाढू दे. पार्वोची (जीवघेण्या उलट्या-जुलाबांचा आजार) लस पिल्लू सहा-आठ आठवड्यांचं झाल्यापासून, रेबीजची तीन महिन्यांचं झाल्यावर.

झोपून उठलं की आणि जेवलं की बाहेर ने. घरात शी केली म्हणून नाक घासू नकोस; त्यानं ते फक्त लपून करायला शिकतं.